मला रडू आलं नाही

"शकुन, तुझे डोळे कोरडे कसे गं?" मोघे बाईंनी विचारलं.

बाकी सगळ्या रडत होत्या. पहिल्या बाकावरची शालू पदर तोंडात कोंबून हुंदके देत होती. खुद्द बाईंचा आवाज शेवटच्या पानावर अडकला होता आणि त्यांनी चष्मा काढून पुसला होता. दर वर्षी बाई याच पानावर चष्मा पुसतात, हे आदल्या तुकडीच्या मुलींनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. मी एकटी शेवटच्या बाकावर ताठ बसले होते. मला रडू येत नव्हतं, राग येत होता.

अमरावतीत तेव्हा बायकांना मास्तरीण करणारी एक ट्रेनिंग शाळा होती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळा निघत होत्या आणि त्यांत शिकवायला बाई मिळत नव्हती. म्हणून तर चांदूर बाजारच्या माळ्याच्या पोरीलाही तिथं जागा मिळाली. एरवी माझ्यासारखीला कोण विचारतं? वसतिगृहात राहायचं, दोन वेळा जेवायचं, धडे शिकायचे आणि ते कसे शिकवायचे हेही शिकायचं. वर्ष संपलं की परीक्षा, आणि परीक्षेनंतर वर्तनाचा दाखला. तो दाखला हातात असला की सरकारी शाळेत नोकरी. नसला तर पास होऊनही माणूस घरी.

मोघे बाई पुण्याकडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, तिकडेच शिकलेल्या आणि मग आमच्या उन्हात येऊन पडलेल्या. कपाळ मोकळं, लुगडं साधं, बोलणं स्वच्छ. मला त्या फार आवडायच्या. त्यांनी एक चांगली रीत घातली होती. दर शनिवारी एक गोष्ट किंवा कविता वाचायची आणि मग प्रत्येकीनं उठून स्वतःला काय वाटलं ते सांगायचं. "पुस्तकाला घाबरू नका," त्या म्हणायच्या. "त्याच्यापुढं हात जोडून बसाल तर उद्या मुलींना काय शिकवाल? मनात येईल ते बोला." मी बापडी भोळी. मला वाटलं, खरंच मनात येईल ते बोलायचं असतं.

तशी मी काही दगड नव्हते. एका कवितेत सासरी निघालेली मुलगी गाडीत बसल्यावर गोठ्यातल्या वासराचं नाव घेऊन हाक मारते. ती वाचून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. अजूनही ती मला पाठ आहे. पण दुसऱ्या एका कवितेत शेतकरी रात्री चांदण्यांखाली झोपतो आणि कवी म्हणतो की हा राजाहून सुखी. त्यावर मी उभी राहून म्हटलं होतं की जागलीला गेलेला माणूस झोपला तर रानडुकरं वावर खाऊन जातात, सकाळी त्या राजाला त्याची बायको काय म्हणते तेही कवीनं ऐकायला पाहिजे होतं. वर्ग हसला. मोघे बाईही हसल्या, आणि "बघा, असं वाचायचं," असं म्हणाल्या. त्या शाबासकीनं माझं डोकं फिरलं असावं.

तर त्या शनिवारची गोष्ट. लेखक मोठा माणूस, त्याचं नाव घेत नाही. गोष्टीतली बाई सतराव्या वर्षी विधवा होते. नवऱ्याचा एक मित्र असतो, सज्जन, शिकलेला. तो तिला म्हणतो, आपण लग्न करू. तिलाही तो हवा असतो, हे लेखकानं चार पानं लावून सांगितलं आहे. पण बापाच्या नावाला बट्टा लागेल म्हणून ती नाही म्हणते, पौर्णिमेच्या रात्री नवऱ्याच्या तसबिरीपुढं निरांजन लावते आणि परसातल्या विहिरीच्या पायऱ्या उतरते. शेवटी विहिरीत चंद्र पडलेला असतो. पहिल्यांदा वाचताना चंद्र पडला की ती पडली, हेच मला कळलं नव्हतं. कळल्यावर मी पुस्तक मिटून टाकलं होतं.

"बोल ना," बाई म्हणाल्या. "तुला काय वाटलं?"

मी उभी राहिले. शुद्ध बोलायचं ठरवलं होतं, पण रागात माझी भाषा घरी पळते.

"बाई, तो माणूस चांगला होता. हिलेही तो पायजे होता. मंग हिनं पाट काहून नाही लावला?"

मागच्या कवितेसारखं हसतील असं मला वाटलं होतं, पण कोणी हसलं नाही. मला वाटलं, पुण्याकडच्या बाईंना पाट म्हणजे काय हे ठाऊक नसेल. म्हणून मी समजावून सांगायला लागले. आमच्यात नवरा मेला की बाई दुसरं घर करते, त्याला पाट लावणं म्हणतात, माझ्या आईनंही लावला. माझा पहिला बाप अकोल्याकडच्या खेड्यात पटकीनं गेला तेव्हा आई एकोणीस वर्षांची होती आणि मी तिच्या कडेवर. मग मामानं बघितलं आणि चांदूरच्या नत्थुजी माळ्याशी तिचा पाट लागला. तीही विहिरीत उतरली असती तर मी इथं नसते. म्हणून मला या बाईचा राग येतो, असं मी सांगून टाकलं.

मोघे बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. त्या काही बोलायच्या आत शालू उठली. शालू आमच्याच जातीची, पण तिचा बाप वामनराव म्हणजे संत्र्यांचे बगीचे असलेला, कोट घालणारा माणूस. आमच्या ज्ञातिसभेचा पुढारी, आणि आमच्या शाळेच्या कमिटीवरही. शालूच्या गालांवर अजून गोष्टीचं पाणी होतं.

"बाई, आमच्यात असं काही करत नाहीत," ती म्हणाली. "ही खोटं बोलतेय."

आणि ती पुन्हा रडायला लागली. या वेळी मात्र गोष्टीसाठी नव्हे.

शालूचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे मला सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी ज्ञातिसभेनं ठराव केला होता की पाटाची चाल बंद. वरच्या जातींत पाट नाही, म्हणून आपल्यातही नको. वर चढायचं तर वरच्यांसारखं वागायला पाहिजे, असा हिशोब. ज्यांच्या घरात जुने पाट होते ते त्याविषयी बोलेनासे झाले.

पण आईचा पाट लागला तेव्हा तरी कोणी कुठं तो मिरवत होतं? पाट उजेडात लागत नाही. वाजंत्री नाही, हळद नाही, गाणी नाहीत. मागच्या दारी अंधारात चार माणसं बसतात आणि काम उरकतात. दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत सवाष्णींनी त्या बाईचं तोंड पाहायचं नाही, अशी रीत. तिनंही आपलं तोंड लपवून कुठं तरी कोपऱ्यात बसायचं. आईला नेमका बाजाराचा दिवस आला. नत्थुजीची आधीची बायको वारलेली, घरात दुसरी बाई नाही आणि वांगी तोडून ठेवलेली. आई दिवस उगवायला टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात जाऊन बसली. बायका लांबून बघायच्या आणि पदर आडवा धरून पुढं जायच्या. तेव्हा आईनं भर बाजारात सांगितलं, "ज्याले माह्यं तोंड पायचं नाई, त्यानं वांगे पायावं." त्या दिवशी टोपलं दुपारच्या आत रिकामं झालं असं आई सांगते. मला वाटतं ती थोडं वाढवून सांगते. पण ती गेली होती, एवढं खरं. मी तिच्या मांडीवर होते.

अशा बाईची मी मुलगी. मला त्या विहिरीच्या गोष्टीवर रडू कसं येणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी मोघे बाईंनी मला त्यांच्या खोलीपुढच्या ओसरीवर बोलावलं. त्या रागावतील म्हणून मी तयारीनं गेले होते, उत्तरं पाठ करून. पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कुंडीतल्या तुळशीची वाळलेली पानं खुडली. मग त्यांनी सांगितलं की ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. घरात त्यांचे केस काढलेले होते आणि त्यांच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. भावाच्या पुस्तकांत ही गोष्ट सापडली. माळ्यावर बसून वाचली.

"आपल्यासारखीसाठी कुणीतरी रडलंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, पण त्या परक्या माणसानं काढलं. त्या गोष्टीवर मी जगले, शकुन. आणि तू भर वर्गात विचारलंस, पाट का नाही लावला. जसं काही ते दाराबाहेर ठेवलेलं होतं आणि आम्ही उचललं नाही."

माझी पाठ केलेली उत्तरं कुठल्या कुठं गेली. मला खरोखर वाईट वाटलं. एकच गोष्ट एकीला जगवते आणि दुसरीला चीड आणते, असं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्यांचे पाय धरले आणि म्हटलं की तुम्हाला दुखवायचं माझ्या मनात नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. शालूनं घरी सांगितलं होतं आणि सोमवारी वामनराव शाळेत आले. मला ऑफिसात बोलावलं. ते ओरडले वगैरे नाहीत, ते तसे भले गृहस्थ होते. आमच्या जातीतल्या कितीतरी पोरांच्या फिया त्यांनी भरल्या होत्या, आणि माझा अर्जसुद्धा त्यांच्याच सहीनं पुढं गेला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि शांतपणे समजावलं. आपल्याला लोक काय म्हणत आले, ते त्यांनी मला ऐकवलं. पाटाच्या नावानं आपल्या बायकांना काय काय म्हटलं गेलं, तेही सांगितलं. सगळं खरं होतं.

"आपन सारे वर चढून राहिलो, पोरी," ते म्हणाले. "अन् तू खालून शिडीच ओढून राहिली."

त्यांना एवढंच हवं होतं की येत्या शनिवारी मी सगळ्या वर्गापुढं उभं राहून सांगावं, आमच्या जातीत पाट नाही, माझ्या आईचा पाट लागलेला नाही, मी अज्ञानानं खोटं बोलले. मग सगळं विसरून जाऊ. नाहीतर वर्तनाच्या दाखल्यावर कमिटीची सही होणार नाही. मोघे बाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी मध्येच म्हणून बघितलं की मुलीनं माझी माफी मागितली आहे, तेवढं पुरे. वामनराव नम्रपणे म्हणाले की बाई, हा प्रश्न तुमचा नाही, आमच्या घरातला आहे.

बुधवारी नत्थुजी आले. शाळेनंच निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. मी त्यांना बाबा म्हणते आणि दुसरा बाबा मला आठवतही नाही. धोतर धुवट, पायांत नव्या वहाणा, त्यामुळं लंगडत होते. फाटकाशी कडुनिंबाखाली आम्ही बसलो. त्यांनी उपरण्यातून आईनं दिलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या काढल्या, मिरचीचा ठेचा काढला. मग इकडचं तिकडचं बोलले. वांग्यावर कीड पडली, धाकट्या पोरानं शाळेला दांडी मारली. मुद्द्यावर यायला त्यांना फार वेळ लागला.

"तुह्या मायनं निरोप देल्ला," ते शेवटी म्हणाले. "म्हने, सांग तिले, म्हनून टाक. पाट लागलाच नाई म्हना. शकुन नत्थुजीचीच पोरगी हाये म्हना. बोलल्यानं आंगाले भोकं नाई पडत."

"आई असं म्हनली?"

"हाव. म्हने, मी कोन हाव ते पोरीनं सांगू नये. तिनं निस्तं मास्तरीन व्हावं."

मला त्या क्षणी आईचा जेवढा राग आला तेवढा गोष्टीतल्या बाईचाही आला नव्हता. भर बाजारात तोंड उघडं टाकून बसलेली बाई, आणि आता माझ्यासाठी ती स्वतःला पुसायला निघाली होती. तिनं विहिरीत उतरायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मी बाबांना विचारलं, तुमचं काय म्हणणं? ते जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत बसले. "मी कायले बोलू," ते म्हणाले. "मी तं तुह्या मायशी पाट लावला, तवा कोनाले इचारलं नव्हतं. आता सारे इचारून राहिले." एवढं बोलून ते उठले, वहाणा हातात घेतल्या आणि अनवाणी मोटरीकडं निघाले.

दोन रात्री मला झोप लागली नाही असं वगैरे मी सांगणार नाही. मला चांगली झोप लागली. पण दिवसा मी विचार करत होते. म्हणून टाकलं तर काय होईल? दाखला मिळेल, नोकरी मिळेल, आई सुखानं मरेल. आणि मी कुठल्यातरी गावात मुलींना तीच गोष्ट शिकवीन. शेवटच्या पानावर त्या रडतील आणि मी म्हणेन, बघा किती थोर बाई होती. कोणी कोरड्या डोळ्यांची पोर मागं बसली असेल तर तिला मी काय सांगू? आमच्यात असं करत नाहीत, असं?

शनिवारी वर्ग भरला. वामनराव खुर्चीवर बसले होते, शालू खाली बघत होती. मोघे बाईंनी पुस्तक उघडलं नव्हतं. त्यांनी नुसती माझ्याकडं बघून मान हलवली. मी पुढं जाऊन उभी राहिले. या वेळी शुद्ध बोलायचं मी ठरवलंच नाही.

"बाईंचं मन मी दुखवलं, त्याची माफी मागते. त्यायची गोष्ट त्यायले जवळची हाये, ते मले समजलं नव्हतं. बाकीचं मी खरं बोलली. माह्या मायचं नाव सत्यभामा. ती चांदूरच्या बाजारात भाजी विकते. तिचा पाट लागला. गोष्टीतली बाई मेली, म्हनून तिच्यावर गोष्ट झाली अन् तुमी साऱ्या रडल्या. माही माय मेली नाही, म्हनून तिच्यावर कोनी काही लेहलं नाही. मी तेवढंच सांगतलं. मी ते मागं घेत नाही."

वामनराव उठले, हात जोडले आणि निघून गेले. मला त्यांचंही वाईट वाटलं. आयुष्यभर शिडी धरून उभा राहिलेला माणूस. मोघे बाईंनी मला जागेवर बसायला सांगितलं. मग त्यांनी पुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं आणि म्हणाल्या, आज वाचन नाही. बायका एकेक करून उठल्या. जाताना कोणी माझ्याशी बोललं नाही. फक्त एकीनं, जिच्याशी मी कधी दोन शब्दही बोलले नव्हते, माझ्या बाकाशी थांबून आपल्या मावशीचं नाव सांगितलं, "तिचाही लागला," म्हणाली आणि पुढं गेली.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. मला वसतिगृह सोडायला सांगितलं. परीक्षेला मात्र बसू दिलं, आणि त्यासाठी मोघे बाई कमिटीशी भांडल्या असं मला कितीतरी वर्षांनी शालूनंच सांगितलं. मी पास झाले आणि बिनकामाची झाले, कारण दाखला मिळाला नाही. मधली काही वर्षं भाजी विकली. मग अकोल्यातल्या एका खाजगी मुलींच्या शाळेत लागले. तिथं दाखला विचारला नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलींना शिकवायला त्यांना दुसरी कोणी बाई मिळतच नव्हती. पगार तुटपुंजा, पण शाळा माझी झाली. ती गोष्ट तिथंही पुस्तकात होती. मी ती दर वर्षी शिकवली, मोघे बाईंची आठवण ठेवून नीट शिकवली. रडणाऱ्या मुलींना रडू दिलं आणि न रडणाऱ्यांना विचारलं, तुला काय वाटलं?

पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते त्या आठवड्यातल्या बाजाराचं.

चांदूरच्या मोटरीतून मी उतरले ती ट्रंक घेऊन तडक बाजारात गेले. घरी जायची हिंमत नव्हती. घरी आई एकटी सापडली असती आणि तिनं मला फोडून काढलं असतं. बाजारात निदान लोकांपुढं ती आवरेल, असा माझा हिशोब होता. आई नेहमीच्या जागी गोणपाटावर बसली होती. पुढं वांगी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, थोडी लाल मिरची. बाबा मागं बैलांना पाणी पाजत होते. तिनं ट्रंक बघितली आणि सगळं तिला कळलं.

"म्हनलं नाई ना तू?"

"नाई."

"काहून?"

"तू जित्ती हायेस म्हनून."

माझा हिशोब चुकला. आई लोकांपुढंही आवरली नाही. तिनं मला जे झाडलं ते आजूबाजूच्या सगळ्या दुकानांनी ऐकलं. एवढं शिकवलं ते यासाठी का, पोटाला चिमटा घेऊन धाडलं ते यासाठी का, चार शब्द तोंडातून काढायला तुला काय झालं होतं, माझ्या अब्रूची तुला कोणी पंचाईत सांगितली होती. माझी अब्रू मी कधीच या बाजारात विकून मोकळी झाले, असंही म्हणाली. बोलता बोलता ती रडायला लागली. आईला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ती रडत होती आणि रडता रडता एका गिऱ्हाइकाला सांभाराची जुडी निवडून देत होती. मी ट्रंकेवर खाली मान घालून बसले. मला एकाही शब्दाचा पश्चात्ताप नव्हता, पण तिच्याकडं बघवत नव्हतं.

तेवढ्यात एक बाई पुढं आली. अंजनगावकडून लग्नाला आलेली कोणी पाहुणी होती. अंगावर भारी लुगडं, बरोबर गावातल्याच बगीचेवाल्यांच्या दोन सुना. तिनं वांगी चाचपली, मग माझ्याकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं, आईच्या ओल्या डोळ्यांकडं बघितलं.

"ही कोन व?" तिनं विचारलं.

बाबांनी मागून बैलाची दोरी सोडली आणि पुढं आले. ते म्हणणार होते, माही पोरगी. त्यांनी तोंड उघडलंही होतं. गेली दोन वर्षं घरात सगळ्यांना हेच उत्तर ठरलेलं होतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं.

आईनं त्यांना हातानं थांबवलं. पदरानं तोंड पुसलं आणि सरळ बसली.

"माही लेक हाये," ती म्हणाली. "माह्या पहिल्या घरची."

तिनं ते हळू सांगितलं नाही. पलीकडची कांदेवाली मान वळवून बघायला लागली. बगीचेवाल्यांच्या सुनांनी एकमेकींकडं बघितलं. पाहुणी एक क्षण थांबली, हातातलं वांगं तसंच हातात धरून. मग तिनं ते पारड्यात ठेवलं आणि आणखी दोन उचलली.

आईनं माझ्याकडं न बघता गोणपाटावर थोडी जागा केली. मी ट्रंकेवरून उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.